कुडाचं घर

आमच्या पाटण भागात घराची गोष्ट निघाली की माणूस विचारतो, भूकंपाच्या आधीचं का नंतरचं? ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा मी सात वर्षांचा. कोयनानगरच्या बाजूला माणसं गेली ती जास्त करून दगडमातीच्या भिंतींखाली. कुडाची घरं कलली, पण कूड अंगावर पडला तरी माणूस उठून बसतो.

वडिलांनी नवं घर बांधलं ते कमरेपर्यंत दगडाचं, वर कारवीचा कूड. म्हणजे दरसालचं काम आलंच. दिवाळीनंतर कारवी तोडून वाळवायची, मोडकी काठी बदलायची. आई माती, शेण नि भाताचा भुसा तुडवून दोन्ही अंगांनी लिंपायची. वैशाखात कौलं उतरून शाकारणी. आणि मिरगाच्या आत पावसाच्या अंगाला गवताची झड बांधायची, नाहीतर आमच्याकडचा पाऊस आठवड्यात कूड धुऊन नेतो. ‘गरिबाचं घर’ म्हणून पाव्हणे नाकं मुरडायचे. मुरडू देत.

आता पोरगं सिमेंटचं बांधतंय. बांध म्हटलं, पण गवंड्याला एकच सांगितलंय : चारी कोपऱ्यांत सळईचे खांब हवेत, आणि भिंतींवरून सलग पट्टा फिरला पाहिजे.