सॉक्रेटिसचा पेला, शिंप्याचा पाव

मसाल्याचा डबा उघडा. जिरे, धने, ओवा, बडीशेप. फळीवर हिंगाची डबी. सगळी एकाच कुळातली. शेपू आणि गाजरसुद्धा. यांचा फुलोरा छत्रीच्या काड्यांसारखा उघडतो, म्हणून युरोपातल्या अभ्यासकांनी कुळाला छत्रीवरूनच नाव दिलं. १६७२ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॉरिसनने या एकाच कुळावर अख्खा ग्रंथ लिहिला.

ब्रिटनमध्ये मे महिन्यात रस्त्यांच्या कडा याच कुळातल्या काऊ पार्स्लीच्या पांढऱ्या फुलांनी भरतात. तशीच फुलं, तशीच पानं असलेलं विषारी हेमलॉकही तिकडे उगवतं. त्याच्या देठावर लव नसते, जांभळे ठिपके असतात आणि पान चुरगळलं की उंदरासारखा वास येतो. फरक काय तो एवढाच. (आमच्या कोडमध्येही एका स्वल्पविरामाने सगळं कोसळतं, पण ते पुन्हा सुरू करता येतं.)

इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला गेला. तेव्हा प्लेटो आजारी होता, तिथे नव्हता; तरी त्याने ‘फीडो’ या संवादात ते मरण टप्प्याटप्प्याने लिहिलं. आधी पाय जड झाले, मग बधिर, मग गारठा वर चढत गेला. बोलणं मात्र जवळजवळ शेवटपर्यंत शुद्धीतलं. गंमत म्हणजे तिथे वनस्पतीचं नावच नाही, नुसतं ‘औषध’ किंवा ‘विष’ अशा अर्थाचा शब्द आहे.

विसाव्या शतकात काही अभ्यासकांना शंका आली: हेमलॉकने उलट्या होतात, झटके येतात, मग एवढं शांत मरण कसं? प्लेटोने गुरूसाठी सत्य धुऊन-पुसून घेतलं असणार! पण झटके येतात ते प्रामुख्याने वॉटर हेमलॉकने, म्हणजे चुलत भावंडाने. रोमन लोक खऱ्या हेमलॉकला ‘सिक्युटा’ म्हणत. लिनियसने १७५३ मध्ये ते नाव वॉटर हेमलॉकला देऊन टाकलं. घोळ होणारच. मला तरी इथे प्लेटोवरचा आरोप टिकणारा वाटत नाही.

कारण एक साक्ष आहे. १८४५, एडिनबरा. डंकन गोव नावाचा गरीब शिंपी. पोरांनी पाला खुडून आणला, त्याने तो पावाबरोबर खाल्ला. थोड्या वेळात तो दारुड्यासारखा झोकांड्या देऊ लागला. पाय गेले, मग हात, शेवटी श्वास. बुद्धी शाबूत होती. डॉ. जॉन ह्यूज बेनेट यांनी शवविच्छेदन केलं. पोटातला पाला हेमलॉकचा निघाला. त्यांनी नोंदलेला क्रम प्लेटोच्या वर्णनाशी जुळतो.

इंग्लंडच्या काही भागांत काऊ पार्स्लीला ‘मदर-डाय’ म्हणत. घरात आणलीस तर आई मरेल, अशी पोरांना भीती घालत. गोवच्या पोरांनी तो पाला पार्स्ली समजून आणला होता, बापासाठी.