चक्रवाक : एका पक्षिनामाचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. उत्तरेस जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. हिवाळ्यात मराठवाड्यातील नदीकाठी व जलाशयांवर जे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांपैकी चक्रवाक हा भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा होय. तांबूस-नारिंगी अंगाचे व फिकट डोक्याचे हे बदक बहुधा जोडीने आढळते. त्याची वीण मात्र येथे होत नाही. लडाखमधील त्सो मोरिरी व त्सो कार ही सुमारे ४५०० मीटर उंचीवरील सरोवरे आणि तिबेटचे पठार ही त्याच्या विणीची ठिकाणे होत. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या चक्रवाकांपैकी एकाने हिमालय ओलांडताना सुमारे ६८०० मीटर उंची गाठल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली.

पक्षी एकच, परंतु दोन्ही प्रदेशांनी त्याला निरनिराळ्या गुणांवरून ओळखले. तिबेटी भाषेत त्याच्या नावाचे नाते भिक्षूंच्या काषाय वस्त्राचा रंग दर्शविणाऱ्या शब्दाशी आहे. उलट संस्कृतातील 'चक्रवाक' हे नाव त्याच्या ओरडण्यावरून पडले असे कोशकार मानतात. उंच सरोवरावर डोळ्यांना रंग दिसला. सखल नदीकाठी कानांना आवाज ऐकू आला.

हा भेद आकस्मिक नसावा. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात (सूक्त ३९) अश्विनांना प्रभातकाळच्या चक्रवाकांची उपमा दिलेली आहे. पुढे रात्री या जोडीची ताटातूट होते, असा कविसंकेत रूढ झाला व कालिदासाने तो वापरला. वस्तुतः हा पक्षी पुष्कळदा रात्री चरतो व चरताना साद घालतो. अंधारात पाण्यावरून एक हाक व तिला दुसरी हाक ऐकणाऱ्यास विरहाची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. हा संकेत सखल प्रदेशातील हिवाळी रात्रींतून जन्मला असावा, असे अनुमान यावरून करता येते.

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) प्रवरेकाठी नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी नदीच्या दोन थड्यांवर विरहाने आक्रंदणारी ही जोडी येते, गुरुरूपी सूर्य उगवताच तिचे मीलन होते. प्रवरा गोदावरीस मिळते. म्हणजे हे रूपक हिवाळ्यात ज्या खोऱ्यात हा पक्षी उतरतो, त्याच खोऱ्यात मराठीत आले.

हिंदीत प्राकृतातून आलेले 'चकवा' हे रूप टिकले. मराठीत 'चकवा' म्हणताच वाट चुकविणारी भूल आठवते. तत्सम रूप ग्रंथांत राहण्याचे हेही एक कारण असावे. परिणामी पारायणात 'चक्रवाक' ऐकणारा श्रोता पाणवठ्यावरील तांबूस पक्ष्यास केवळ 'बदक' म्हणून जातो. शब्द व पक्षी यांची ही ताटातूट संपविण्यास कोश पुरेसा नाही. त्यासाठी एखाद्या हिवाळी पहाटे पाण्याच्या काठी उभे राहावे लागते.