गोयाच्या दोन जत्रा

माद्रिद शहरालगतची मांझानारेस नदी ओलांडून पलीकडच्या चढावर गेले म्हणजे सान इसिद्रो या संताचे लहानसे प्रार्थनामंदिर लागते. हा संत जातीचा शेतमजूर. माद्रिदकर त्यास आपला पालक मानतात. दरवर्षी १५ मे रोजी तेथे जत्रा भरते. लोक झऱ्याचे पवित्र पाणी पितात आणि कुरणात बसून खातात, गातात. फ्रान्सिस्को गोया याने ही जत्रा ज्यांत रंगविली अशी दोन चित्रे येथे पाहू. दोन्ही चित्रे प्रादो संग्रहालयात आहेत. पण ती एकाच हातची, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी यावयाचे नाही.

पहिले चित्र १७८८ सालचे. राजकन्यांच्या शयनगृहासाठी विणावयाच्या भित्तिपटाचा हा लहान नमुना; रुंदी अवघी ९१ सेंटिमीटर. पुढे छत्र्या, झगे, गाड्या, मध्ये नदी, क्षितिजावर राजवाडा व सान फ्रान्सिस्को मंदिराचा घुमट उन्हात न्हालेले. त्याच वर्षाअखेर तिसरा कार्लोस राजा वारला आणि तो भित्तिपट विणला गेलाच नाही.

१८१९ साली वृद्ध गोयाने नदीपलीकडे, त्याच कुरणापासून जवळ, एक घर विकत घेतले. १८२० ते १८२३ च्या सुमारास त्याच्या भिंतींवर त्याने जी ‘काळी चित्रे’ काढली, त्यांतील एक ही दुसरी जत्रा. रुंदी सव्वाचार मीटरांहून अधिक. काळोख्या माळावरून माणसांची रांग वळत वळत येते. अग्रभागी एक गिताऱ्या, त्याच्याभोवती आ वासलेली तोंडे व विस्फारलेले डोळे. शहर कोठेच नाही.

या पालटाचे कारण म्हणून १७९२-९३ च्या दुखण्यात गोयास आलेल्या बहिरेपणाकडे बोट दाखविण्याची चाल आहे. ते कारण अपुरे होय. बहिरा झाल्यावर पाच वर्षांनी, १७९८ साली, त्याने त्याच नदीकाठी सान आंतोनियो दे ला फ्लोरिदा या मंदिराच्या घुमटात माद्रिदच्या सामान्य जनांचा जो मेळा रंगविला, तो प्रकाशाने व जिव्हाळ्याने ओथंबलेला आहे. मधल्या काळात आणखी काही घडले होते. १८०८ ते १८१४ पर्यंत फ्रेंचांशी युद्ध, १८११-१२ मध्ये माद्रिदचा भीषण दुष्काळ, आणि १८१४ साली राज्यघटना मोडणाऱ्या सातव्या फर्नांदोचा लोकांनीच केलेला जयजयकार! समूहाची ही सर्व रूपे गोयाने पाहिली होती.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ‘काळ्या चित्रां’ची नावे गोयाची नव्हेत, ती इतरांनी मागाहून दिली, शिवाय १८७४ पासून ती भिंतीवरून कापडावर उतरविताना त्यांची बरीच हानी झाली. म्हणून मुद्रांच्या बारकाव्यावरून फार मोठे सिद्धान्त बांधणे धोक्याचे. मात्र रचना शाबूत आहे आणि तीच बोलकी आहे. पहिल्या चित्रात चित्रकार उंचावर उभा राहून जनसमूह दुरून न्याहाळतो. तेथे माणसे चिमुकली, म्हणून निरुपद्रवी. दुसऱ्यात तो समूह थेट आपल्या अंगावर चालून येतो. अंतर राखून पाहण्याची जी सोय राजवाड्यासाठी काढलेल्या चित्रात होती, ती स्वतःच्या घरात गोयाने स्वतःस ठेवली नाही.