चार ओळींची फाइल आणि जिल्ह्याचा कारभार

जालना जिल्ह्यातल्या संगणकीय कारभाराचा इतिहास लिहायला बसणारा माणूस बहुधा शासनाच्या तारखांपासून सुरुवात करील. २००६ची राष्ट्रीय ई-शासन योजना, २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा. तारखा बरोबर आहेत. पण मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या सेतू केंद्रात काम कधी अडलं आणि कशानं सुटलं, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी ऑपरेटरच्या डेस्कटॉपवर कोपऱ्यात पडलेली एक छोटी फाइल बघावी लागते. नाव काहीही असो, शेवटी ‘डॉट बॅट’ असतं. ब्राउझर उघडेनासा झाला की तिच्यावर दोनदा क्लिक करायचं. काळी खिडकी येते, मिटते आणि ब्राउझर उघडतो. माझं म्हणणं असं की कारभार प्रत्यक्षात कसा चालला याचं दूरच्या धोरणापेक्षा जवळचं साधन ही फाइल आहे, आणि इतिहासकारांनी तिला दस्तऐवज मानायला हवं.

तिच्यात असतं तरी काय? क्रोमची खिडकी बंद केली तरी कधी कधी त्याची प्रक्रिया मागे अडकून राहते आणि प्रोफाइल धरून बसते. मग चिन्हावर कितीही क्लिक करा, पडद्यावर काही येत नाही. दुसरं कारण विजेचं. भारनियमनाची वर्षं मराठवाड्यानं भरपूर भोगली. यूपीएसची बॅटरी उतरलेली असताना वीज गेली की प्रोफाइलमधल्या फाइली अर्धवट लिहिलेल्या राहतात आणि पुढच्या वेळी ब्राउझर सुरू होतानाच कोसळतो. म्हणून पहिली ओळ अडकलेल्या सगळ्या प्रक्रिया मारते. दुसरी काही सेकंद थांबते. तिसरी प्रोफाइलच्या ‘डिफॉल्ट’ नावाच्या फोल्डरचं नाव बदलून ‘डिफॉल्ट-जुने’ करते आणि चौथी ब्राउझर सुरू करते. तिसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याची समज दिसते. नवखा फोल्डर उडवूनच टाकतो. मुरलेला फक्त नाव बदलतो, कारण साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क त्याच फोल्डरात असतात. एमएस-सीआयटीच्या वर्गात माणूस पत्र टाइप करायला आणि तक्ता करायला शिकला. ही तिसरी ओळ मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पेन ड्राइव्हनं गेली.

या फाइली लांबत गेल्या त्याचा कालक्रमही मुंबई-दिल्लीच्या निर्णयांशी जुळत नाही, तो ब्राउझर कंपन्यांच्या निर्णयांशी जुळतो. महाटेंडर्सवर निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला डिजिटल सहीचं टोकन लावावं लागे आणि सहीसाठी ब्राउझरमध्ये जावाचं प्लगइन चालावं लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं अशा प्लगइनचा आधार पूर्ण काढला. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनं आवृत्ती ५२ पासून फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांचा. दीर्घ मुदतीची ५२वी आवृत्ती तेवढी २०१८ पर्यंत जावा चालवत राहिली, म्हणून लोक जुना आणि नवा फायरफॉक्स एकाच संगणकावर ठेवू लागले. पण दोघांनी एकच प्रोफाइल वापरलं की अडचण येई. त्यावरचा इलाज पुन्हा एका ओळीचा: जुन्याला वेगळं प्रोफाइल द्यायचं आणि ‘नो-रिमोट’ लावून स्वतंत्र चालवायचं. जिल्हा परिषदेच्या रस्त्याची निविदा वेळेत भरली जाण्यामागे अशी एखादी ओळ असू शकते, ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चोरीची विंडोज आणि व्हायरस, त्याचीच ही फळं, यात इतिहास कसला? पण न्यायालयांकडे पाहा. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू निवडलं गेलं, म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटला. खटल्यांची सीआयएस प्रणालीही एनआयसीच्या पुणे केंद्रानं मुक्त सॉफ्टवेअरवरच उभी केली. तरी लिनक्सवरचा क्रोम सुरू होताना ‘सिंगलटनलॉक’ नावाची खूण करतो आणि तीत संगणकाचं नाव व प्रक्रियेचा क्रमांक नोंदवतो. एका डिस्कची नक्कल दुसऱ्या यंत्रांवर उतरवून मग त्यांची नावं बदलली, की प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे असं समजून क्रोम उघडायला नकार देतो. तिथेही उपाय तोच, खूण पुसणारी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट. दोष मालकाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. एकाच यंत्राकडून सरकारी संकेतस्थळ, सहीचं टोकन आणि परदेशात बदलत राहणारा ब्राउझर अशा तिघांचं काम एकदम घ्यायचं, ही त्या व्यवस्थेची मूळ अडचण होती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अशी स्क्रिप्ट रोग झाकते, कारण शोधू देत नाही. शिवाय कुणाची तरी फाइल प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं धोक्याचं. धोका मला मान्य आहे, पेन ड्राइव्हवरून शॉर्टकट व्हायरसही याच वाटेनं फिरले. पण ‘नीट अपडेट करा’ हा सल्ला इथं अपुरा पडतो. जावाच्या वर सांगितलेल्या घटनांत मोडतोड अपडेटनंच झाली होती. आणि विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ची, १०९वी. त्यापुढे अपडेट म्हणजे नवी विंडोज, बहुधा नवा संगणकच. पीकविम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलैला, दाराबाहेर रांग असताना मूळ कारण शोधायला कोण बसणार? एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांचंही तसंच. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं. ते निघेपर्यंत भरलेला ट्रक गेटवर उभा. अशा वेळी पाच सेकंदांत उघडणारा ब्राउझर हाच खरा इलाज, मग तो तात्पुरता का असेना.

महसुली अभिलेखांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्गाचा कागद कायम जपायचा, ड वर्गाचा लवकर नष्ट करायचा. बॅट फाइल यातल्या कोणत्याच वर्गात बसत नाही. संगणक हँग व्हायला लागला की मेकॅनिक फॉरमॅट मारतो, आणि बदलला की डिस्कसकट भंगारात जातो; कोणत्या वर्षी कोणती ओळ का घालावी लागली, याचा पुरावा तिथेच संपतो. गोळा करायचं तर हे काम जुने ऑपरेटर अजून केंद्रांत बसतात तोवरच होईल.