दंत-क्षकिरणचित्रणात रुग्णाची बैठक : एक ऐतिहासिक टिपण

रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ मध्ये लावला आणि जानेवारी १८९६ मध्येच ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्खोफ यांनी स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्याकरिता काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काच तोंडात धरून त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. रुग्णाच्या सिद्धतेचा प्रश्न प्रथम उद्भवला तो असा, निश्चलतेचा प्रश्न म्हणून. अपायाचा विचार त्यात नव्हता.

न्यू ऑर्लीन्स येथील एडमंड केल्स यांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक, किंबहुना विदारक आहे. दात व फिल्म परस्परांस समांतर असावीत आणि किरण त्यांवर काटकोनात पडावेत, हे तत्त्व त्यांनी आरंभीच ओळखले होते; फिल्म तोंडात स्थिर राहावी म्हणून धारकही बनविला होता. परंतु नळीची जुळणी करताना ते आपलाच हात किरणांसमोर धरून त्याची हाडे पडद्यावर न्याहाळीत. हे वर्षानुवर्षे चालले. बोटे, पंजा आणि अखेर बाहू कर्करोगापायी गमावून १९२८ मध्ये त्यांनी आत्मघात केला.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. त्वचेच्या दाहाचे खापर त्या काळी पुष्कळजण विजेवर फोडीत. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी विजेचा परिणाम पोचणार नाही अशा पेटीत गिनीपिग ठेवून, निव्वळ किरणांनी ते मरतात हे १९०१ मध्ये दाखविले. नळीला शिशाचे वेष्टण असावे आणि रुग्णाचा चित्रणाबाहेरील भाग झाकावा, असेही त्यांनी सुचविले. त्यांची उपेक्षा झाली.

पुढे कोनार्धक पद्धती रूढ झाली. तीत डोके ताठ ठेवून दातांची पातळी जमिनीस समांतर करीत. फिल्म मात्र बहुधा रुग्णच बोटाने दाबून धरी. म्हणजे वैद्याच्या बोटाच्या जागी रुग्णाचे बोट आले, एवढेच! गॉर्डन फिट्झगेराल्ड यांनी १९४७ मध्ये लांब नळकांड्याची जोड दिल्यावर समांतर पद्धती व्यवहार्य ठरली. धारकामुळे फिल्म दातापासून दूर जाऊन प्रतिमा मोठी उमटे. किरणस्रोत लांब नेल्याने तो दोष कमी झाला आणि बोटाचे काम धारकाकडे गेले.

शिशाच्या झग्याची कथा निराळी आहे. २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने झगा व गळपट्टा यांचा नित्य वापर थांबविण्याची शिफारस केली, आणि भर दिला तो किरणांचा झोत आयताकृती व आखूड ठेवण्यावर, तसेच रुग्णास योग्य रीतीने बसविण्यावर. कारण साधे आहे : झगा झोताच्या आड आला की चित्र वाया जाते आणि रुग्णावर पुन्हा किरण सोडावे लागतात.