व्होल्ट, पिन आणि ओळख : लॅपटॉपच्या अडॅप्टरची कुळकथा

जुन्या बाजारातून आलेल्या लॅपटॉपसोबत त्याचा मूळ अडॅप्टर असेलच याची खात्री नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुळणारा अडॅप्टर मागितला, की व्होल्ट किती, अँपिअर किती आणि पिन जाडी की बारीक, असे प्रश्न ओघाने येतात. हे प्रश्न एकाच वेळी जन्मलेले नाहीत. बॅटरीचे रसायन, पिनचे माप आणि यंत्राने अडॅप्टरची ओळख पटवून घेण्याची रीत या तिन्हींचा इतिहास त्यांत एकावर एक साठला आहे.

उचलून नेता येणाऱ्या सुरुवातीच्या संगणकांना बाहेरचा अडॅप्टर नव्हताच. १९८१ सालचा सुमारे ११ किलो वजनाचा ऑसबॉर्न १ थेट भिंतीवरच्या विजेवर चालत असे आणि त्याचा वीजपुरवठा पेटीच्या आतच असे. उलट १९८३ सालचा टीआरएस-८० मॉडेल १०० चार साध्या सेलवर चाले आणि ६ व्होल्टचा अडॅप्टर ही त्याची केवळ जोड होती. आजच्या अडॅप्टरचे मूळ स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात आहे. जुन्या पद्धतीत ५० हर्ट्झची वीज लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरमधून उतरवली जाई. नव्या पद्धतीत ती आधी एकदिश केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून फेराइट गाभ्याच्या लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून काढली जाते, कारण वारंवारता वाढली की तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा गाभा लहान होतो. हे तंत्र १९७७ सालच्या ॲपल २ मध्ये रॉड होल्ट यांनी वापरले होते. पुढे लॅपटॉप पातळ होत गेला, तेव्हा हाच पुरवठा स्वतंत्र डबीत बाहेर ठेवणे सोयीचे ठरले, कारण त्यामुळे उष्णता, वजन आणि २३० व्होल्टचा धोका या तिन्ही गोष्टी यंत्राबाहेर राहिल्या.

व्होल्टेजचा आकडा ठरवला तो बॅटरीने. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलचा प्रचलित प्रकार पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्यामुळे एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलना १२.६ आणि चार सेलना १६.८ व्होल्ट लागतात. बॅटरी भरणारे मंडल अडॅप्टरमध्ये नसून लॅपटॉपच्या आत असते, आणि ते सहसा व्होल्टेज उतरवणारे असल्याने त्याला बॅटरीपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागते. १८.५, १९, १९.५ आणि २० हे आकडे असे आले. आयबीएमच्या थिंकपॅड टी४३ पर्यंतच्या यंत्रांत तीन सेलची साखळी असल्याने १६ व्होल्ट पुरत. २००६ सालच्या टी६० पासून मात्र २० व्होल्ट आले. ९० वॅटसाठी १६ व्होल्टवर साडेपाच अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, तर २० व्होल्टवर साडेचारच. म्हणजे तेवढीच शक्ती बारीक तारेतून नेता येते.

पिनच्या बाबतीत असा शास्त्रीय धागा सापडत नाही. बाहेर धातूची नळी आणि आत पोकळी असलेल्या पिनसाठी जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने पाच मापांचे एक मानक केले होते. त्यात प्रत्येक व्होल्टेज-गटाला वेगळे माप दिल्यामुळे चुकीचा अडॅप्टर खाचेत शिरतच नसे. परंतु त्यातला शेवटचा गट १८ व्होल्टपाशी संपत होता आणि लॅपटॉप त्याच्या पुढे गेले होते. मग प्रत्येक कंपनीने आपापले माप निवडले. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिन डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण एकीचे छिद्र २.१ तर दुसरीचे २.५ मिलिमीटरचे असते. पहिली खाचेतल्या जाड खिळ्यावर बसत नाही, दुसरी बारीक खिळ्यावर सैल बसते आणि ठिणग्या पाडते. थिंकपॅडने व्होल्टेज बदलताना पिन ५.५ वरून ७.९ मिलिमीटरची केली, त्यामुळे २० व्होल्टचा अडॅप्टर १६ व्होल्टच्या यंत्राला लागत नाही.

आकारावर भागेना, तेव्हा ओळख विजेच्या संकेतावर गेली. डेलच्या ७.४ मिलिमीटरच्या पिनमध्ये मधोमध एक सुई असते. तिच्या वाटे लॅपटॉप अडॅप्टरमधील चिप वाचतो आणि तो किती वॅटचा आहे हे जाणून घेतो. सुईकडे जाणारी बारीक तार तुटली, तर व्होल्टेज अचूक असूनही यंत्र केवळ चालते, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही उतरतो. एचपीची ७.४ मिलिमीटरची पिन त्याच मापाची असली तरी तिची ओळखीची रीत निराळी आहे. म्हणून एकाचा अडॅप्टर दुसऱ्यात शिरला, तरी ओळखला जाईलच असे नाही.

२०१४ साली आलेल्या यूएसबी-सीने आकार सर्वांसाठी एकच ठेवला आणि निवडीचे काम पूर्णपणे संकेतांवर सोपवले. पॉवर डिलिव्हरी या नियमावलीनुसार अडॅप्टर प्रथम ५ व्होल्टच देतो, आपल्याकडची व्होल्टेजची यादी कळवतो, आणि लॅपटॉपने मागितल्यावरच वरची पायरी चढतो. १०० वॅटची मर्यादा २०२१ साली २४० वर गेली. युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशाने ही जोडणी सक्तीची केली असून लॅपटॉपसाठीची मुदत २८ एप्रिल २०२६ ठरवली. भारतीय मानक ब्युरोनेही २०२३ साली यूएसबी-सीचे मानक प्रसिद्ध केले.

या इतिहासातूनच जुन्या यंत्रासाठीचा नियम निघतो. व्होल्ट लेबलवर लिहिल्याप्रमाणे हवेत, मात्र १९ आणि १९.५ मधला फरक सहसा खपतो. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. ते कमी असतील, तर अडॅप्टर तापतो. पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांपैकी धन कोणता हे लेबलवरच्या वर्तुळाच्या चिन्हावरून ताडावे लागते. आता यूएसबी-सी चार्जरकडून २० व्होल्ट मागून ते जुन्या पिनमधून देणाऱ्या ट्रिगर केबल मिळतात आणि २० व्होल्टच्या कित्येक थिंकपॅडना त्यांनी दुसरा जन्म दिला आहे. नियमावलीतल्या १०० वॅटपर्यंतच्या ठरीव पायऱ्या मात्र ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. त्यांत १६ ची पायरी नाही, आणि त्यामुळे टी४३ च्या पिढीला अजूनही जुन्या धाटणीचाच अडॅप्टर शोधावा लागतो.