देझ्न्योव्ह भूशिर
आशियाच्या मुख्य भूमीचे पूर्वेकडचे अखेरचे टोक. ६६° ०५′ उ. व १६९° ३९′ प. रशियाच्या चुकोत्का प्रदेशात, बेरिंग सामुद्रधुनीवर. १८० अंशांचे रेखावृत्त ओलांडून जमीन पुढे गेल्यामुळे खंडाचे हे पूर्व टोक पश्चिम गोलार्धात मोडते. सुमारे ७४० मी. उंचीचा डोंगर येथे कड्याकड्यांनी समुद्रात उतरतो. समोर डायोमीड बेटे आणि त्यांच्या पलीकडे, सुमारे ८२ किमी.वर, अलास्कातील प्रिन्स ऑफ वेल्स भूशिर.

ज्या सिम्योन देझ्न्योव्हचे नाव या टोकाला मिळाले, तो झारच्या चाकरीतला कॉसॅक होता. १६४८ च्या जूनमध्ये कोलिमा नदीतून सात लाकडी गलबते सुमारे ९० माणसांसह पूर्वेकडे निघाली. मोहिमेचा पुढाकार मॉस्कोतील एका व्यापाऱ्याचा गुमास्ता फेदोत पोपोव्ह याचा होता. देझ्न्योव्ह सोबत गेला तो सरकारी वसुलीसाठी. वॉलरसचे दात आणि सेबलची कातडी मिळवण्यासाठी हे धाडस होते. बहुतेक गलबते वाटेतच गेली. भूशिर ओलांडल्यावर वादळाने पोपोव्ह आणि देझ्न्योव्ह यांची ताटातूट झाली व देझ्न्योव्हचे गलबत आनादिर नदीच्या मुखाच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. त्याच्यासह २५ जण दहा आठवडे चालून नदीपाशी पोहोचले. त्यांतले १२ पुढच्या वसंतापर्यंत जगले.

या सफरीचे वर्णन जपले गेले ते एका भांडणामुळे. आनादिरच्या मुखाशी वॉलरसची मोठी वसाहत सापडल्यावर युरी सेलिव्हेर्स्तोव्ह या प्रतिस्पर्ध्याने तिच्यावर स्वतःचा व आपला साथीदार मिखाइल स्तादुखिन याचा हक्क सांगितला. त्याचे खंडन करताना देझ्न्योव्हने १६५५ मध्ये याकुत्स्कच्या अधिकाऱ्यांना कळवले की, हे दोघे समुद्रमार्गाने त्या मोठ्या खडकाळ टोकापर्यंत आलेच नव्हते. पुराव्यासाठी त्याने समोरच्या बेटांवरील, ओठांत हाडाचे दागिने घालणाऱ्या लोकांचाही उल्लेख केला. मालकीच्या वादात टाकलेली ही साक्ष पुढे भूगोलाच्या इतिहासातील मोलाचा दस्तऐवज ठरली.

कागद मात्र याकुत्स्कच्या दफ्तरात पडून राहिले. व्हिटस बेरिंग १७२८ मध्ये सामुद्रधुनीतून उत्तरेला जाऊन परतला, तेव्हा ८० वर्षांपूर्वीच्या या सफरीची खात्रीलायक माहिती त्याच्या हाती नव्हती. १७३६ मध्ये इतिहासकार गेर्हार्ट म्यूलर यांना ते कागद सापडले व १७५८ मध्ये वृत्तांत छापला गेला. तरीही १७७८ च्या जेम्स कुकच्या सफरीनंतर नकाशांवर रुळले ते ‘ईस्ट केप’ हे नाव. सफरीला २५० वर्षे झाली तेव्हा, १८९८ मध्ये, रशियन भूगोल संस्थेच्या विनंतीवरून देझ्न्योव्हचे नाव अधिकृत झाले. सफर खरोखर घडली काय, अशी शंका इतिहासकार फ्रँक गोल्डर यांनी १९१४ मध्ये उपस्थित केली होती. रेमंड फिशर यांच्या १९८१ च्या ग्रंथाने तिचे सविस्तर निरसन केले.

गलबत घेऊन वळसा घालणाऱ्यालाच असा मान मिळतो असे नाही. आशियाच्या उत्तर टोकाला नाव लाभलेला सिम्योन चेल्युस्किन १७४२ मध्ये तेथे कुत्र्यांच्या स्लेजवरून पोहोचला होता. सामुद्रधुनीच्या अमेरिकी तीरावरील टोकाला कुकने राजपुत्राचे नाव दिले. त्या तुलनेत देझ्न्योव्हचा हक्क भक्कम आहे: तो समुद्रमार्गाने आला आणि त्याने टोकाचे वर्णनही नोंदवून ठेवले.

भूशिरावर १९५६ साली उभारलेला, देझ्न्योव्हचा अर्धपुतळा असलेला दीपस्तंभ आहे. जवळच नाउकान या यूपिक गावाचे अवशेष दिसतात. १९५८ मध्ये सोव्हिएत प्रशासनाने ते गाव उठवले. कुटुंबे नुन्यामो, लोरिनो, उवेलेन अशा ठिकाणी विखुरली आणि नाउकानी भाषा बोलणारे एकत्र राहिले नाहीत. खलाशाच्या नावाइतकीच ही गोष्टही या स्थळाच्या नोंदीत असायला हवी. नुन्यामोही १९७७ मध्ये बंद झाले.

सर्वांत जवळची वस्ती उवेलेन (लोकसंख्या ७२०, २०१०). वॉलरस व व्हेलची शिकार हा मुख्य व्यवसाय. हस्तिदंतासारख्या वॉलरस-दातांवरील कोरीवकामाची कार्यशाळा १९३१ पासून. सीमाक्षेत्र असल्याने बाहेरच्यांना परवाना लागतो.